धक्का केव्हा मारायचा? सीपीआरचा निर्णय आणि त्याआधीचं बोलणं

‘सगळं करायचं ना?’

नागपुरात धंतोली, रामदासपेठ, मेडिकल, मेयो, कुठल्याही आयसीयूच्या दाराबाहेर रात्रीतून एकदा तरी हा प्रश्न विचारला जातो. विचारणारा रेसिडेंट सकाळपासून उभा असतो. ऐकणारा मुलगा गडचिरोलीहून नाहीतर बालाघाटहून अँब्युलन्समध्ये बापाच्या उशाशी बसून आलेला असतो, हातात एक्सरे आणि बिलांची पिशवी. प्रश्नच असा केलेला आहे की त्याला एकच उत्तर येतं. ‘नाही, थोडंच करा’ असं कुठला मुलगा म्हणेल? तो ‘हो साहेब, सगळं करा’ म्हणतो आणि सही करतो. आपण कशाला हो म्हटलं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी फिजिशियन आहे आणि हा प्रश्न मीसुद्धा कितीतरी वर्षं असाच विचारत आलो. आता विचारत नाही. त्याला कारण झाले आमचे एक पेशंट, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) त्यांना आम्ही काकाजी म्हणू. गणेशपेठ डेपो, बहुतेक नोकरी गडचिरोली-अहेरी लाइनवर. विड्यांनी फुप्फुसं खराब केलेली, त्यात हृदयाचं पंपिंगही उतरलेलं. दोन वर्षांत तीनदा अ‍ॅडमिट झाले, त्यात एकदा व्हेंटिलेटरवर. त्या आठ दिवसांतलं त्यांना दोनच गोष्टी आठवत होत्या: हात बांधलेले होते, आणि पाणी मागता येत नव्हतं.

चौथी वेळ येणार हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असावं. म्हणून एका दुपारी ओपीडी संपल्यावर त्यांना आणि त्यांच्या मुलीला थांबवून घेतलं आणि सीपीआर म्हणजे काय, ते सांगायला लागलो.

आधी तेच सांगतो. हृदय थांबलं की मेंदूचं रक्त बंद होतं आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सीपीआर म्हणजे बंद पडलेल्या हृदयाचं काम बाहेरून हातांनी करणं. पेशंटला कडक पृष्ठभागावर उताणं ठेवायचं, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवायचे आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं दाबायचं. दाब थोडाथोडका नाही, छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. सोबत तोंडावर मास्क धरून फुग्यानं श्वास देतात, शिरेतून दर तीन ते पाच मिनिटांनी अ‍ॅड्रिनलिन देतात, पुढे घशातून श्वासनलिकेत नळी घालतात. दाबणारा दोन मिनिटांत घामाघूम होतो, म्हणून माणसं बदलावी लागतात. वयस्कर पेशंटच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात आणि दाबणाऱ्याच्या हाताला ते कळतं. कडक पापड रुमालात धरून मोडावा तसं. पहिल्यांदा हे हाताला लागलं तेव्हा मी थांबलो होतो. सिनिअर ओरडले, ‘दाबत राहा.’ ते बरोबरच होतं. सीपीआर नीट केलं तर असंच असतं.

एवढं करूनही मेंदूला नेहमीच्या रक्ताचा पाव ते एक तृतीयांश हिस्साच मिळतो. आणि सिनेमात दाखवतात तो करंट, म्हणजे शॉक, सरळ रेघ आलेल्या हृदयाला देतच नाहीत. हृदय थरथरत असेल, त्याची लय बिघडली असेल, तरच शॉकचा उपयोग. सरळ रेघ म्हणजे तिथे बिघडायलाही काही चालू नाही.

काकाजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे धक्का मारून गाडी चालू करनं.’

मी म्हटलं, हो, जवळपास तसंच.

‘मंग सरळ बोला ना जी. बॅटरी उतरली असंल तर धक्क्यानं चालू होते. पॅसेंजर उतरवा, ढकला, सेकंड टाकून क्लच सोडा, झालं. पन इंजिनच सीज झालं असंल, तर उन्हात चाळीस मान्सं काऊन उतरवता?’

मेडिकल कॉलेजात मला हे इतक्या थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं. सीपीआरचा सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे. हृदय थांबणं हाच मूळ बिघाड आहे, की बाकी सगळं थकल्यावर शेवटी हृदयही थांबलंय?

चांगला चालता-बोलता माणूस सीताबर्डीच्या भर बाजारात हार्ट अटॅकनं कोसळला, कुणाला विजेचा झटका बसला, अंबाझरीत कुणी बुडता बुडता बाहेर काढला, ऑपरेशनच्या टेबलावर भुलीखाली हृदय थांबलं, तर ही बॅटरी उतरलेली गाडी आहे. इथे क्षणाचाही विचार न करता दाबायला लागायचं. ही पद्धत मुळात अशाच पेशंटसाठी निघाली. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या तिघांनी बाहेरून छाती दाबून हृदय चालू केल्याचा पहिला अहवाल छापला, तेव्हा त्यांच्या वीस पेशंटपैकी चौदा वाचले होते आणि त्यातले पुष्कळ भुलीखाली असताना हृदय थांबलेले होते. हे तंत्र प्रत्येकानं शिकून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. हा लेख वाचून ‘सीपीआर वाईट’ असं कुणी म्हणू लागलं, तर मला काय सांगायचं होतं ते त्याला कळलंच नाही.

गंमत अशी की पुढे हाच धक्का सरसकट सगळ्यांना मारला जाऊ लागला. कॅन्सर यकृतात आणि हाडांत पसरलाय, किडन्या बंद, बीपी तीन औषधांवर टेकवलेलं, आणि तरी हृदय थांबलं की छाती दाबायची, कारण कागदावर ‘सगळं करा’ लिहिलंय.

आकडे सांगतो, पण जरा बेतानं घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमध्ये हॉस्पिटलात असताना हृदय थांबलेल्या शंभर जणांपैकी वीस ते पंचवीस घरी परततात. यात सगळे आले, तरुणही आणि हार्ट अटॅकचेही. पसरलेला कॅन्सर, एकापेक्षा जास्त अवयव निकामी झालेले, अंथरुणाला खिळलेले असे पेशंट वेगळे काढले की हा आकडा फार खाली येतो. घरी गेलेल्यांतही सगळे पूर्वीसारखे होत नाहीत. काहींचा मेंदू मागे राहतो. याउलट टीव्हीवर काय दिसतं? १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये काही संशोधकांनी अमेरिकी मालिकांमधले सीपीआर मोजून दाखवले होते. पडद्यावरचे तिनातले दोन पेशंट ठणठणीत होऊन घरी गेले. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाच्या डोक्यात हाच आकडा असतो. आणि त्याच्यासमोर पांढऱ्या कोटात उभे असलेले आम्ही तो दुरुस्त करत नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना कुणी सांगत नाही. हृदय पुन्हा चालू झालं म्हणजे पेशंट उठून बसला असं नाही. सहसा नळी तशीच राहते, व्हेंटिलेटर लागतो, बीपीची औषधं चालू होतात, आणि मूळ आजार होता तिथेच असतो. नळी असताना बोलता येत नाही. बऱ्याच घरांत बापाचं शेवटचं बोलणं त्या नळीच्या आधीचं असतं, आणि ते शेवटचं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

आता डीएनआरकडे येऊ. फाइलवर ही तीन अक्षरं दिसली की घरचे दचकतात. ‘म्हणजे आता काहीच करणार नाही का?’ अर्थ फार लहान आहे: हृदय आणि श्वास थांबला तर छाती दाबून, शॉक देऊन तो परत आणायचा प्रयत्न करायचा नाही. एवढंच. अँटिबायोटिक चालू राहतं. ऑक्सिजन, सलाइन, रक्त, गरज असेल तर डायलिसिस, तेही चालू राहतं. दुखणं आणि धाप कमी करायची औषधं तर आणखी नीट द्यायची. दम लागलेल्या पेशंटला मॉर्फिनचा छोटा डोस किती आराम देतो, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल झाल्यापासून मॉर्फिन मिळवायची कटकटही कमी झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०२० मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही हेच आहे: हा निर्णय फक्त सीपीआरपुरता, तो पेशंटशी किंवा घरच्यांशी बोलून घ्यायचा, फाइलवर स्पष्ट लिहायचा, आणि पेशंटची स्थिती बदलली तर पुन्हा तपासायचा.

इथे आमच्या लोकांची एक खोड कबूल करतो. फाइलवर डीएनआर लिहिलं की राउंड त्या बेडपाशी जरा घाईनं पुढे सरकतो. हे चूक आहे आणि पेशंटच्या घरच्यांनी ते चालवून घेऊ नये. ‘डॉक्टर, आज आराम पडावा म्हणून काय करताय?’ असं रोज विचारा.

कायद्याचं काय? पुष्कळ डॉक्टरसुद्धा या भीतीपोटी ‘सगळं करा’वर सही घेऊन मोकळे होतात. मुंबईच्या केईएममधल्या, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं निपचित पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांचं प्रकरण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं आणि या विषयाला आपल्याकडे तोंड फुटलं. मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शुद्धीत असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो आणि तशी इच्छा आधी लिहूनही ठेवू शकतो. इंजेक्शन देऊन मारणं मात्र तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणं अवघडच होतं. इच्छापत्रावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं त्यात लिहिता येतात. पेशंट स्वतः बोलू शकत नसेल आणि लावलेलं मशीन काढायचं किंवा उपचार थांबवायचे असतील, तर आधी हॉस्पिटलची तीन डॉक्टरांची समिती बघते, मग दुसरी तिघांची. प्रत्येकीनं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. नोटरीकडे आज लगेच पळा असं मी म्हणणार नाही. कागद नंतरही होतो. आधी बोलणं व्हावं लागतं, आणि गाडी अडते ती तिथेच.

‘बाबांना सांगू नका, खचतील.’ आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकतो. मुलगा बापाला आत बसवून केबिनच्या दाराशी मला गाठतो. तो प्रेमापोटीच बोलत असतो, म्हणून मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, ‘मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. चालेल?’ मग आत येऊन पेशंटला विचारतो, ‘तब्येतीबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ दहांतल्या आठांना सगळं माहीत असतं. बाप मुलापासून लपवत असतो, मुलगा बापापासून, आणि मधल्या खुर्चीवर बसलेली आई दोघांपासून.

त्यानंतरचा प्रश्न: ‘तुम्हाला सगळं स्वतः ऐकायचंय, की कुणाला तरी सांगू?’ ‘माझ्या पोराले सांगा, तोच पाहीन’ असं कुणी म्हणालं तर तोही त्याचाच निर्णय. जबरदस्तीनं खरं ऐकवणं ही दुसऱ्या टोकाची चूक आहे आणि आमच्यातले काही तरुण डॉक्टर ती उत्साहानं करतात.

मशीनचा विषय मी सगळ्यांत शेवटी काढतो. आधी विचारतो, पुढच्या काही महिन्यांत काय व्हावंसं वाटतं? कशाची भीती वाटते? काय झालं तर म्हणाल की यापेक्षा गेलेलं बरं? उत्तरं अजब येतात. एका आजींना मरणाची भीती नव्हती, सुनेनं आपले कपडे बदलावेत याची होती. एका गृहस्थांना संत्र्याचा मृग बहार हाताशी येईपर्यंत हवं होतं, मग काहीही होवो. ही उत्तरं हातात आली की सीपीआरबद्दल सल्ला देणं अवघड राहत नाही, आणि तो सल्ला डॉक्टरनं द्यायचा असतो. ‘हे आहे, ते आहे, काय घ्यायचं ते सांगा’ असं सावजीच्या हॉटेलात चालतं. ‘तुम्ही जे सांगितलंत ते धरून मला वाटतं की छाती दाबू नये, बाकी इलाज करावा’ हे माझ्या तोंडून आलं पाहिजे, म्हणजे ओझं मुलाच्या डोक्यावर जात नाही.

पेशंट शुद्धीत नसेल तर घरच्यांना ‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न विचारूच नये. त्यांना बाप हवा असतो, दुसरं काय? विचारायचं असं: ‘ते आत्ता इथे या खुर्चीत बसून आपलं बोलणं ऐकत असते, तर काय म्हणाले असते?’ मग खोलीत एकदम चर्चा सुरू होते. ‘मोठ्या काकांच्या वेळी म्हणाले होते, मले असं ठेवू नका.’ तो निर्णय मग मुलाचा राहत नाही, वडिलांचा होतो.

आणि खरोखरच काय होईल ते सांगता येत नसेल तर मुदत घालून बघता येतं. ‘तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवू, किडनी आणि बीपी सुधारतंय का बघू, चौथ्या दिवशी पुन्हा बसू.’ हे मशीन लावायच्या आधी बोलायचं, नंतर नाही.

पैशाबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, मग तो विषय ‘लामा’च्या फॉर्मवर बाहेर येतो. लामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेणं. एकरभर विकून झालं की नातेवाईक एके दिवशी ‘घरी नेतो’ म्हणतात. मग तोंडातली नळी तशीच ठेवून, फुगा दाबायला एक माणूस देऊन, अँब्युलन्स ब्रह्मपुरीच्या नाहीतर वणीच्या रस्त्याला लागते, आणि घरी पोचल्यावर उंबऱ्याआत नळी काढतात. ना मॉर्फिन, ना कुणी सांगितलेलं की घरघर लागली तर काय करायचं. हेच पेशंट आठ दिवस आधी नीट बोलून, औषधं लिहून, फोन नंबर देऊन घरी पाठवता आले असते. पैसे संपले म्हणून निर्णय घेणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो निर्णय सल्ल्याविरुद्ध का म्हणायचा? सल्लाच तसा द्यायला हवा होता.

‘हे सगळं परदेशी खूळ आहे’ असंही कुणीतरी म्हणतंच. काकाजींचा जावई म्हणाला. त्याला उत्तर काकाजींनीच दिलं. म्हणाले, ‘पवनारले विनोबा कसे गेले, ठाऊक हाय का?’ १९८२ च्या नोव्हेंबरात हार्ट अटॅकनंतर विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं, पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या तरी बदलले नाहीत, आणि १५ तारखेला गेले. प्रायोपवेशन आणि सीपीआर नको म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी जावयाला समजावत बसलो. काकाजींना त्याची गरज नव्हती. ‘पुरे’ म्हणायचा हक्क माणसाचा असतो, एवढाच त्यांचा मुद्दा.

त्या दुपारी आम्ही एक कागद केला. छाती दाबायची नाही. तोंडावरचा मास्कवाला मशीन चालेल. नळीचं व्हेंटिलेटर जास्तीत जास्त तीन दिवस, तेही पुण्याचा मुलगा येऊन पोचेपर्यंत. बोलायचा अधिकार मुलीकडे. मुलाला स्पीकरवर घेतलं. तो आधी चिडला, मग बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘बाबा, तुम्ही म्हणाल तसं.’ कागदाच्या तीन झेरॉक्स झाल्या: एक फाइलला, एक मुलीकडे, एक काकाजींच्या खिशात, एसटीच्या पासच्या प्लास्टिकमध्ये.

चौथी वेळ आली, मास्कवर निभावलं, सहा दिवसांनी घरी गेले. पंधरा दिवसांनी ओपीडीत आले तेव्हा खिशातून तो कागद काढून टेबलावर ठेवला आणि ‘तीन दिवस’ या शब्दांवर बोट ठेवलं.

‘हे काटा. नळी नकोच. मुलगा परवा येऊन गेला, भेट झाली.’

मी ओळ काटली, वर ‘नको’ लिहिलं आणि कागद परत दिला. त्यांनी तो तसाच माझ्याकडे सरकवला.

‘खाडाखोडीवर सही लागते, डॉक्टरसाहेब. डेपोत लॉगशीटले असंच होतं.’

मी सही केली. शेजारी त्यांनी केली, मग मुलीनं. मग घड्याळात बघून काकाजींनी खाली वेळ टाकली: ११.२०.